कमी खर्चाचा चित्रपट नेमका कोणाच्या खर्चाने होतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कमी खर्चातील स्वतंत्र चित्रपटनिर्मितीवरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. ‘कमी बजेट’ हे बहुतेक वेळा लोकांना फुकट राबवून घेण्याचे गोंडस नाव असते; मी दिलेले आसामी दिग्दर्शिका रीमा दास यांचे उदाहरण अपवादात्मक असून त्यावरून तरुणांना भरीला घालणे बरे नव्हे; आणि असे चित्रपट महोत्सवांच्या बाहेर कोणी पाहत नाही, असे आपले आक्षेप आहेत. आपण स्वतः सहायक म्हणून बिनपगारी काम केले आहे असेही लिहिले आहे, त्यामुळे पहिल्या आक्षेपाला वरवरचे उत्तर देणे योग्य होणार नाही.

तीस-चाळीस जणांचे युनिट उभे करायचे आणि त्यातल्या निम्म्यांना ‘पुढच्या चित्रपटात बघू’ असे सांगायचे, ही पद्धत सर्रास चालते हे मला मान्य आहे. परंतु तिला मी कमी खर्चाचा चित्रपट म्हणायला तयार नाही. खर्च पूर्ण झालेलाच असतो. तो निर्मात्याच्या खिशाऐवजी सहायक, लाइटमन आणि रंगभूषाकार यांच्या घरातून झालेला असतो. मी ज्या वाटेविषयी लिहिले ती पटकथेपासून सुरू होते, म्हणजे एवढ्या माणसांची गरजच भासू नये अशी गोष्ट निवडण्यापासून. रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (२०१७) आसाममधील छयगावजवळच्या आपल्या गावात केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन त्यांनीच सांभाळले, आणि गावातल्याच मुलांना घेऊन, बव्हंशी नैसर्गिक प्रकाशात चित्रीकरण केले. स्वतःची गिटार हवी असणाऱ्या मुलीची ही गोष्ट शेतात, झाडांवर, पावसात आणि पुरात घडते. यातले काहीही भाड्याने आणावे लागत नाही, मात्र त्यासाठी थांबावे लागते. मोठ्या युनिटला असे थांबणे परवडत नाही, कारण पाऊस येवो न येवो, शिफ्टचे पैसे, जेवणखाण आणि जनरेटरचे भाडे चालूच राहते. येथे चित्रीकरण काही वर्षे रेंगाळू शकले, कारण पैशाच्या जागी खर्च होणारा वेळ मुख्यतः दिग्दर्शिकेचा स्वतःचा होता. स्वतःचा वेळ पणाला लावणे आणि दुसऱ्याचा वेळ गृहीत धरणे यांतला हा फरक माझ्या दृष्टीने निर्णायक आहे.

‘कॅमेरा स्वस्त झाला म्हणून चित्रपट होत नाही’ हे आपले वाक्य मला पूर्णपणे पटते, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण ध्वनी हे आहे. याच चित्रपटाला ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, संकलन आणि बालकलाकार यांबरोबर स्थळावरील ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला होता. तो मल्लिका दास यांना मिळाला. चित्र थोडे भुरकट असले तरी प्रेक्षक सांभाळून घेतो, परंतु संवाद कळला नाही तर तो मनाने उठून जातो. ध्वनिमुद्रकाचे मानधन वाचवले आणि मागे विहिरीवरचा पंप किंवा देवळाचा भोंगा मुद्रित झाला, तर अभिनयाची सवय नसलेल्या मुलांना शहरात आणून डबिंगला उभे करावे लागते, आणि त्यांना पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांशी जुळवून बोलणे साधतेच असे नाही. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट तिथे जातात. म्हणून रेकी (चित्रीकरणाच्या जागेची आधी केलेली पाहणी) करताना, ज्या वेळी चित्रीकरण करायचे त्याच वेळी त्या जागी शांत बसून ऐकावे, असे मी प्रत्येक नवोदिताला आग्रहाने सांगतो.

तरुणांना भरीला घालण्याविषयी एवढेच म्हणेन की, भुरळ पाडतात ते सुटे आकडे, आणि म्हणून मूळ लेखात मी ते टाळले होते. अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ यांचा ‘एल मारियाची’ (१९९२) सुमारे ७,००० डॉलरमध्ये झाला असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु तो चित्रपटगृहांत पोचण्यापूर्वी त्याच्या ध्वनीवर, ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर आणि प्रसिद्धीवर वितरक कंपनीने त्या रकमेच्या अनेक पटींनी पैसा ओतला, ही बाजू मागे पडते.

महोत्सवांबाहेर असे चित्रपट कोणी पाहत नाही, या शेवटच्या आक्षेपात तथ्य आहे. संकलन संपले की हातातले पैसेही संपतात. मग अंतिम ध्वनिमिश्रण, सेन्सॉर प्रमाणपत्र, डीसीपी (चित्रपटगृहात दाखवण्यासाठीची डिजिटल प्रत), डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्यागणिक आकारली जाणारी व्हर्च्युअल प्रिंट फी आणि जाहिरात यांसाठी काहीच उरत नाही. यावर श्याम बेनेगल यांच्या दूध सहकारी चळवळीवरील ‘मंथन’चे (१९७६) उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन त्याचे १० लाख रुपये उभे केले, आणि तेच शेतकरी पुढे त्याचे प्रेक्षक झाले. त्यामागे सहकारी दूध संघांची तयार यंत्रणा होती, ती आज एखाद्या एकट्या दिग्दर्शकाकडे नसते. तरीही गोष्ट ज्या लोकांची आहे त्यांची एखादी संघटना, पतसंस्था किंवा शाळेचे माजी विद्यार्थी यांच्याकडे पटकथेच्या टप्प्यावरच जाता येते, आणि त्यांच्याकडून मिळालेला पैसा चित्रीकरणाऐवजी प्रदर्शनासाठी राखून ठेवता येतो. हे फारसे कोणी करत नाही, याची मला खंत वाटते.

आपल्याला एक विनंती आहे. सहायकांचे मानधन, कामाचे तास आणि श्रेयनामावलीतील उल्लेख यांविषयी, छोट्या निर्मात्यालाही पाळता येईल असा लेखी करार कसा असावा, हे आपल्या अनुभवातून लिहून द्याल का? मूळ लेखाला जोडून तो मजकूर आपल्या नावानिशी, किंवा आपली इच्छा असल्यास नावाविना, प्रसिद्ध करीन.