कपाटामागची बटणं

परवा हवामान बदलावरून बोलणं निघालं आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी मला सुनावलं, "हे तज्ज्ञ एसीत बसून अहवाल लिहितात. त्यानं काय होतं?" दोन वाक्यांत मावेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. पण ते बोलणं मनाला लागून राहिलं. आज सविस्तर लिहिते. पोस्ट लांबली आहे, सवडीनं वाचा.

आर्थर रोझेनफेल्ड हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. मूळचे ते कणभौतिकीतले, नामवंत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींचे अखेरचे विद्यार्थी. नोव्हेंबर १९७३ मधली गोष्ट. अरब देशांनी तेल रोखून धरलेलं, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर गाड्यांच्या रांगा. शुक्रवारी रात्री कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या प्रयोगशाळेतून घरी निघताना त्यांच्या लक्षात आलं, की मजल्यावरच्या वीसच्या वीस खोल्यांत दिवे जळताहेत आणि ते सोमवारपर्यंत तसेच जळत राहणार. त्यांनी हिशेब मांडला. दोन दिवसांत शंभर गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या वर तेल जाळल्यासारखं होतं. दिवे मालवायला गेले तर बटणंच सापडेनात! फायलींची कपाटं आणि पुस्तकांच्या मांडण्या यांच्यामागे ती दडलेली. वीस मिनिटं शोधाशोध करून त्यांनी एकेक दिवा बंद केला.

मला यात सगळ्यात बोलकी वाटतात ती कपाटं. दिवा बंद करायचा असतो हे कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं, त्यामुळे बटणापुढे कपाट लावताना कुणाचा हात अडला नाही.

रोझेनफेल्ड यांनी पुढे कणभौतिकी सोडली आणि उरलेलं आयुष्य ऊर्जेची नासाडी शोधण्यात घातलं. त्यांच्यासारख्यांनी घरातल्या फ्रिजकडे बोट दाखवलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतला फ्रिज वर्षाला साधारण १८०० युनिट वीज खायचा. आधी कॅलिफोर्नियानं आणि मग केंद्र सरकारनं विजेच्या वापराची मानकं ठरवली, दर काही वर्षांनी ती कडक केली. २००१ च्या मानकानंतर तोच आकडा ५०० च्या आसपास आला, आणि या काळात फ्रिज आकारानं वाढला होता. काही अद्भुत शोध लागला नव्हता. भिंतीतला फोम सुधारला, कॉम्प्रेसर सुधारला, दाराचं रबर घट्ट बसू लागलं. कंपन्यांना हे सगळं करता येत होतंच, पण नियम येईपर्यंत करायचं कारण नव्हतं. तो नियम कुणीतरी खुर्चीत बसूनच लिहिला, आणि त्याच्या आधी कुणीतरी शेकडो फ्रिजांची वीज मोजली.

मोजणं काय असतं, याची मला थोडी चव आहे. कॉलेजात असताना एका वाहतूक सर्वेक्षणात मी चौकात उभं राहून गाड्या मोजल्या आहेत. हातात पाटी, पाटीवर तक्ता. बस, ट्रक, कार, दुचाकी, सायकल, प्रत्येकाचा रकाना वेगळा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांनी खालची ओळ. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांवर ऊन आलं आणि माझं लक्ष उडालं. एका ओळीत सायकलींचा रकाना कोरा राहिला. संध्याकाळी सरांनी तक्ता बघून विचारलं, "या पाव तासात एकही सायकल गेली नाही?" मी खरं सांगितलं. त्यांनी ती अख्खी ओळ खोडली आणि शेजारी कारण लिहिलं. मी म्हटलं, आधीच्या ओळींची सरासरी काढून भरू या का? ते म्हणाले, "या चौकात सायकलींसाठी जागा सोडायची की नाही, हे या कागदावरून ठरणार आहे." आज कुणी तज्ज्ञ म्हणून पुढे आला, की मी आधी बघते, यानं आपल्या खोडलेल्या ओळी दाखवल्या आहेत का.

फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचं डिझेल गाड्यांच्या फसवणुकीचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. ते उजेडात कसं आलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. युरोपात डिझेल गाड्यांचा धूर कागदावर कमी आणि रस्त्यावर जास्त दिसत होता. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन या ना-नफा संस्थेतल्या लोकांना वाटलं, अमेरिकेतले नियम कडक आहेत, तेव्हा तिथल्या डिझेल गाड्या स्वच्छ असतील. त्या मोजून युरोपला दाखवू या, की हे जमतं. काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या गटाकडे गेलं. त्यांनी गाडीच्या डिकीत यंत्रं बसवली, धुराच्या नळीला पाइप जोडला, जनरेटर लावला आणि गाडी रस्त्यावर काढली. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलपर्यंत नेली. तीन गाड्या तपासल्या. एक जवळपास नियमात बसली. फोक्सवॅगनच्या दोन गाड्यांतून मात्र नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू मर्यादेच्या कितीतरी पट बाहेर पडत होते, त्यांतल्या जेट्टामधून तर १५ ते ३५ पट. आपलंच यंत्र बिघडलं असेल असं धरून त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. अहवाल मे २०१४ मध्ये आला. सरकारी यंत्रणांनी पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं, की गाडीतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचं ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर आवरायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

आता त्या गृहस्थांच्या बाजूनंही बोलते, कारण त्यांचा राग पोकळ नाही. युरोपात डिझेलचं एवढं स्तोम माजलं कशामुळे? डिझेल गाडी एका किलोमीटरला कार्बन डायऑक्साइड कमी सोडते, म्हणून धोरणं आणि कर तिच्या बाजूनं झुकले. म्हणजे हवामानाच्या काळजीपोटी शहरांच्या छातीत धूर भरला. हे तज्ज्ञांच्याच सल्ल्यानं झालं. उलट दिशेचीही चूक आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे सौरऊर्जेच्या वाढीचे अंदाज वर्षानुवर्षं कमी पडत गेले. प्रत्यक्षात २०१० ते २०१९ या काळात सौरवीज सुमारे ८५ टक्क्यांनी स्वस्त झाली. तज्ज्ञ चुकतात, आणि त्यांच्या चुका मोठ्या असतात. पण डिझेलची चूक पकडली कुणी? मोजणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञांनीच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गणित बरोबर असलं, की माणसं आपोआप पटवून घेतील, असं अनेक तज्ज्ञ धरून चालतात. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरच्या वाढीव करावरून पिवळी जाकिटं घातलेली माणसं रस्त्यावर उतरली. कार्बनवर कर लावावा हे अर्थशास्त्रात पक्कं बसतं. पण ज्याच्या गावाहून कामावर जायला ना बस ना रेल्वे, त्यानं तो कर म्हणजे शिक्षाच समजायची नाही तर काय? डिसेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली.

याउलट स्वीडनच्या राजधानीचं, स्टॉकहोमचं बघा. शहराच्या मध्यभागात गाडी आणायची तर पैसे मोजा, ही कल्पना तिथेही लोकांना नको होती. तिथल्या प्रशासनानं आधी, ऑगस्ट २००५ पासून, जादा बस सोडल्या. मग जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शुल्क लावून पाहिलं. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक पाचव्या हिश्शानं उतरली. जुलै संपताच शुल्क थांबवलं आणि गाड्या परत वाढू लागल्या. म्हणजे फरक लोकांनी दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, कमी होताना आणि पुन्हा वाढताना. सप्टेंबरात मतदान घेतलं. शहरानं निसटत्या बहुमतानं होकार दिला आणि पुढच्या वर्षी शुल्क कायम झालं. काही वर्षांत पाठिंबा दोन तृतीयांशांच्या वर गेला. विरोध करणाऱ्यांना इथे कुणी अडाणी ठरवलं नाही. 'आधी करून बघू, मग तुम्हीच ठरवा' एवढंच म्हटलं. मला वाटतं, धोरण आखणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हे प्रकरण उघडं असायला हवं.

(गर्दीच्या रस्त्यांवर गाडी आणायला शुल्क घ्यायची ही कल्पना विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञांनी १९५० च्या दशकातच मांडली होती. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते गेले. ते जिथे शिकवायचे त्या न्यूयॉर्कमध्ये हे शुल्क लागू व्हायला जानेवारी २०२५ उजाडलं. वाचताना माझ्या पोटात तुटलं.)

आणि अहवालांचं म्हणाल, तर आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाचा, ऑगस्ट २०२१ चा एकच अहवाल घ्या. ६६ देशांतले २३४ लेखक, १४,००० हून अधिक शोधनिबंधांचे संदर्भ. या लेखकांना त्या कामाचा पगार मिळत नाही, आपापली नोकरी सांभाळून ते हे करतात. मसुदा तपासणीसाठी खुला होतो. त्या विषयातलं आपल्याला काय कळतं हे सांगून कुणालाही तपासनीस म्हणून नाव नोंदवता येतं. या अहवालावर ७८,००७ टिप्पण्या आल्या. 'हे वाक्य चूक आहे', 'हा आकडा कुठून आला', 'इथे तुम्ही फारच ठामपणे बोलताय' अशा प्रकारच्या. लेखकांनी त्यांची लेखी उत्तरं दिली. शेवटचा सारांश तर सरकारांचे प्रतिनिधी एकेक ओळ वाचून मंजूर करतात, ज्यात तेल विकणारे देशही असतात. एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर जे वाक्य टिकतं, ते मिळमिळीत वाटू शकतं. पण ते टिकलेलं असतं.

त्या टिप्पण्या आणि उत्तरं आजही कुणालाही वाचता येतात. त्या गृहस्थांना मी काल दुवा पाठवलाय आणि सांगितलंय, यातली कुठलीही दहा पानं वाचा, मग पुन्हा बसून बोलू. त्यांचं उत्तर आलं, "रविवारी वाचतो." मी वाट बघते आहे.