स्नॅपशॉट चालू आहे म्हणून बॅकअप बंद करू नका

“नॅसवर स्नॅपशॉट चालू असेल तर वेगळा बॅकअप म्हणजे पैसे पाण्यात” असा एक मजकूर सध्या छोट्या ऑफिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फाइली ठेवणारा डिस्कचा डबा आणि स्नॅपशॉट म्हणजे त्यातल्या फाइली एका क्षणी कशा होत्या याची त्याच डब्यातली नोंद. मजकुरात चार दावे आहेत: स्नॅपशॉट ही डेटाची पूर्ण प्रत असते, ती जागा खात नाही, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तिला हात लावू शकत नाही आणि काहीही उडालं तरी मिनिटात परत येतं. पुरावा म्हणून शेवटी “गिटलॅब (प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणारी वेबसाइट) स्नॅपशॉटमुळेच वाचलं” असं लिहिलंय. माझ्या ओळखीच्या एका अकाउंटंटनी तो मला दाखवला आणि विचारलं, “मग ती बाहेरची हार्ड डिस्क बंद करू का?” म्हणून हे लिहितोय.

पहिला दावा मुळातच चुकीचा आहे आणि बाकीचे गैरसमज त्यातूनच निघतात. २ टीबीच्या व्हॉल्यूमचा, म्हणजे डिस्कवरच्या एका भागाचा, स्नॅपशॉट सेकंदात होतो, कारण तेव्हा काहीच कॉपी होत नाही. झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) फाइल बदलली की जुन्या ब्लॉकवर, म्हणजे डिस्कवरच्या त्या तुकड्यावर, लिहीत नाहीत, नवा ब्लॉक दुसरीकडे लिहितात. स्नॅपशॉट एवढंच सांगतो की तो जुना ब्लॉक मोकळा करू नका. जे बदललंच नाही, त्याचा ब्लॉक एकच, त्याच डिस्कवर, आजच्या फाइलचाही तोच आणि कालच्या स्नॅपशॉटचाही तोच. रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी डिस्कची जोडणी) मधल्या दोन डिस्क एकदम गेल्या तर फाइलींबरोबर त्यांचे सगळे स्नॅपशॉटही गेले. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा काही ग्राहकांचं दोन्ही गेलं. तिथे स्नॅपशॉटचा काय निभाव लागणार?

जागेचं थोडक्यात. पहिल्या क्षणी जवळपास शून्य, मग जसजसे बदल होतील तसतशी वाढते. ३०० जीबीचे व्हिडिओ पुसूनही जागा मोकळी होत नाही, ती याचमुळे.

रॅन्समवेअरबद्दल मात्र मजकुरात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. लॅपटॉपला लागण झाली आणि त्याने शेअर्ड फोल्डर लॉक केलं, तर नॅसवरचा रीड-ओन्ली स्नॅपशॉट त्याच्या हाताला लागत नाही. पण अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्या हाती पडला, तो दोन क्लिकमध्ये सगळे स्नॅपशॉट पुसू शकतो. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने विंडोजच्या शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजचे स्नॅपशॉट, पुसण्याची कमांड आपल्याबरोबरच आणली होती. काही सिस्टिमवर ठरावीक दिवस अ‍ॅडमिनलाही पुसता येणार नाही असा स्नॅपशॉट घेता येतो. तुमच्याकडे ती सोय असेल तर आजच चालू करा.

आता “मिनिटात परत”. एखादी फाइल असेल तर हे अगदी खरं आहे. याच अकाउंटंटच्या ऑफिसात जीएसटीच्या एका एक्सेलवर चुकून दुसऱ्याच पक्षकाराचे आकडे सेव्ह झाले होते. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’, सकाळी ११ ची आवृत्ती, कॉपी. चहा यायच्या आत काम झालं. यासाठी मी प्रत्येकाला दर तासाचा स्नॅपशॉट लावायला सांगतो.

पण गिटलॅबचं उदाहरण नेमकं उलटं सांगतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबीच उरले होते. रोजचे बॅकअप उघडले तर तिथे काहीच नाही: बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो दर वेळी फसत होता. फसल्याच्या ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कचे भाग सांभाळणारी सोय) स्नॅपशॉट एरवी २४ तासांतून एकदा व्हायचा. त्या दिवशी चाचणीसाठी कुणीतरी सहा तास आधी तो हाताने घेतला होता. तो स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या दुसऱ्या सर्व्हरवर, उतरवलेला होता आणि परत आला तो तिथला डेटा! साइट उभी राहायला १८ तासांच्या आसपास लागले, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. वाचवलं ते दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीने, आणि तीही योगायोगाने तिथे होती.

डेटाबेसवाल्यांनी आणखी एक बघावं: डेटा आणि लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) वेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा. नाहीतर परत आणलेला डेटाबेस उघडेलच याचा भरवसा नाही.

अकाउंटंटना मी डिस्क बंद करू दिली नाही. स्नॅपशॉट दर तासाला, रात्री दुसऱ्या नॅसवर कॉपी, आणि शुक्रवारी ती डिस्क जोडायची, कॉपी झाली की काढून घरच्या कपाटात. मागच्या शुक्रवारी त्या डिस्कवरून टॅलीचा डेटा एका कोऱ्या लॅपटॉपवर उतरवला आणि मार्चचा ट्रायल बॅलन्स काढून ऑफिसच्या प्रिंटशी ताडला. पैशासकट जुळला.