स्लिप घट्ट वाटली की डिफ्लॉक्युलंट टाकत राहा? नका टाकू!

कास्टिंग स्लिपबद्दल, म्हणजे प्लॅस्टरच्या साच्यात ओतायच्या पातळ मातीबद्दल, सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय, की घट्ट वाटली तर डिफ्लॉक्युलंट (स्लिप वाहती करणारं रसायन) टाकत राहा, जास्त झालं तरी काही बिघडत नाही, आणि ते नसेल तर पाणी घाला. हे वाचून नवीन लोक भरल्या बादल्या खराब करून बसतात, वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

"टाकत राहा, पातळ होईल" म्हणे. एका मर्यादेपर्यंतच होते. डिफ्लॉक्युलंटमुळे मातीचे कण एकमेकांना ढकलतात म्हणून कमी पाण्यात स्लिप वाहती होते, पण डोस वाढवत गेलात की त्यातल्या जास्तीच्या सोडियममुळे तेच कण परत गोळा व्हायला लागतात आणि स्लिप पुन्हा घट्ट होते. मग माणसाला वाटतं अजून कमीच पडलंय, आणि तो अजून टाकतो.

"जास्त झालं तरी बिघडत नाही", हे तर मला अजिबात पटत नाही. वर साय धरते, ओतताना तार येते, तळाशी गाळ बसतो, कास्ट (साच्यात तयार झालेलं भांडं) साच्याला चिकटतो आणि कडा साफ करायला गेलं की तुकडा उडतो. उलट कमी पडलं असेल तर स्लिप दहा-पंधरा मिनिटं ठेवली की दह्यासारखी धरते आणि ढवळली की परत वाहते. आता यातली गंमत अशी की थोडं धरणं आपल्याला हवंच असतं, त्यावरच साच्यात भिंत नीट उभी राहते, म्हणून सगळ्यात पातळ होते त्या जागेच्या जरा अलीकडेच थांबायचं.

पाण्याचं म्हणाल तर पाण्याने पातळ होते हे खरं, पण साचे लवकर ओले होतात, आकसणं वाढतं, माती खाली बसते.

म्हणून आधी वजन करा, अंदाज नको. 100 मिली स्लिप काट्यावर ठेवा, बहुतेक स्लिप 175 ते 180 ग्रॅम भरतात. वजन जास्त असेल तर पाणी कमी पडलंय, थोडं घाला. वजन बरोबर आणि तरी घट्ट, तरच डिफ्लॉक्युलंट, तेही थेंबाथेंबाने, दर वेळी नीट ढवळून आणि थोडं थांबून. एकूण डोस साधारण सुक्या मातीच्या 0.2 ते 0.5 टक्के, म्हणजे 10 किलोला 20 ते 50 ग्रॅम, बस्स.

"सोडियम सिलिकेट काय नि डार्व्हन काय, एकच" हेही ऐकलं. दोन्ही डिफ्लॉक्युलंटच, पण दोन्हींचं प्रमाण वेगळं, आणि सिलिकेट प्लॅस्टरचा साचा हळूहळू खातं.

ज्यांच्याकडून आधीच जास्त पडलंय त्यांनी स्लिप टाकून देऊ नका. त्याच मातीची नवीन स्लिप डिफ्लॉक्युलंट न घालता भिजवा, ती थोडी थोडी यात मिसळा, चाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी परत वजन करा.