भोंग्यापुढचं ‘शुद्ध’ गाणं

संगीतप्रेमींमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच: ‘संगीत अमर व्हावं म्हणून एडिसनने यंत्र बनवलं. जुन्या तबकड्यांमध्ये खरं गाणं आहे. यंत्र नुसतं ऐकायचं, कलाकार गायचा आणि ते जसंच्या तसं उतरायचं. कापाकापी नाही, लबाडी नाही. बेसूर गाणंही सुरात आणणारं ऑटोट्यून आलं आणि गळ्याची गरजच संपली. गेले ते दिवस!’

मला ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, जुन्या तबकड्यांचं वेड आहे, म्हणून दर वेळी कोणीतरी तो प्रेमाने मला पाठवतं. प्रेम पोचलं. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

एडिसनचं आधी उरकून टाकतो. फोनोग्राफ १८७७चा. पुढच्याच वर्षी त्याने या यंत्राच्या उपयोगांची यादी छापली. त्यात पहिला मान पत्रं सांगून लिहून घेण्याला, मग अंधांसाठी बोलकी पुस्तकं, मग वक्तृत्वाचे धडे. संगीत चौथं. गाण्यात पैसा आहे हे कळलं ते १८८९ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात नाणं टाकून ऐकायचा फोनोग्राफ बसवला तेव्हा. अमरत्वाचा यात कुठे संबंध आला?

आता मुख्य मुद्दा, ‘यंत्र नुसतं ऐकायचं.’ १९२५मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत मुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. गायकापुढे एक भोंगा, भोंग्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारं मेण. आवाजाच्या धक्क्यानेच मेणात रेघ कोरली जायची. म्हणजे जो आवाज सुई हलवील तेवढाच उरणार, बाकीचा खोलीतच विरणार. मग खोलीतल्या सगळ्यांनी सुईच्या तालावर नाचायचं! डबल बास या व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाचे खर्जातले स्वर पोचत नसत, म्हणून त्याच्या जागी ट्यूबा हे पितळी फुंकवाद्य. व्हायोलिन क्षीण पडे, म्हणून स्ट्रो नावाच्या गृहस्थांनी त्याची लाकडी पेटीच काढून टाकली आणि तिथे धातूचा कर्णा बसवला. मोठा ढोल वाजला की सुई उडायची, म्हणून ढोलाला हद्दपारी. गायकाने खालचे स्वर भोंग्यात तोंड घालून म्हणायचे आणि वरचा स्वर आला की झटकन मागे सरायचं. नवख्या गायकाला वेळेवर मागे ओढायला माणूस उभा असे. हे ‘नुसतं ऐकणं’ असेल तर पोलिसांची चौकशीही गप्पाच म्हणायला हवी. सुरुवातीच्या जॅझ तबकड्यांवरून तेव्हाचे वादक प्रत्यक्षात कसे वाजवत असतील हे ठरवणं म्हणजे पासपोर्टच्या फोटोवरून माणसाचं हसू ओळखणं.

‘जसंच्या तसं उतरायचं.’ किती वेळ? दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं. १९०२मध्ये फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. मैफिलीत फुरसतीने फुलणारा राग तिने तीन मिनिटांत बसवला: झटक्यात मांडणी, भरधाव ताना, आणि शेवटी उंच आवाजात ‘माय नेम इज गौहर जान’. आज आपल्याला ती तिची ऐट वाटते. पण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसाला ही कोणाची तबकडी हे कळायला हवं, म्हणून नाव पुकारायची ती सोय. रागाची बढत गेली आणि कारखान्याची खूण राहिली. लोकप्रिय गाण्याची तीन मिनिटंही कोणा कवीने ठरवलेली नाहीत, ती मेणाने ठरवली. पुढे १९४८मध्ये एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त मावणारी एलपी आली, तरी सुटं गाणं तेवढंच राहिलं. ज्यूकबॉक्सला (नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेटीला) आणि रेडिओला तेच मानवत होतं, आणि तोवर कानांनाही तेच वळण पडलं होतं.

याच मुद्द्यात एक गंमत दडलेली आहे. माझ्या चावीच्या ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायची एक बारीक कळ आहे. ती जराशी पुढे सरकवली की सुईखालचे भारदस्त गृहस्थ बघता बघता पंचविशीतले होतात. ‘७८’ हा आकडा आपण सरसकट म्हणतो, पण सुरुवातीच्या कितीतरी तबकड्या त्याहून कमी-जास्त वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. ७२ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजवली, तर हार्मोनियमच्या काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन ओलांडून पुढे जातं. लयही तेवढीच वाढते. ‘पूर्वीच्या गायकांच्या पट्ट्या बघा, ताना किती वेगवान’ अशा गप्पा रंगल्या की मी आधी विचारतो, वाजवली किती वेगाने? हे फक्त आपलं अज्ञान नाही. फ्रान्समध्ये स्कॉट नावाच्या माणसाने १८६०मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ काढून ठेवली होती. ती पाहण्यासाठी होती, ऐकण्यासाठी नव्हे. २००८मध्ये संशोधकांनी संगणकाच्या मदतीने ती वाजवली तेव्हा एखादी मुलगी गातेय असं वाटलं. जगभर बातम्या झाल्या. वर्षभरात लक्षात आलं की वेग दुप्पट धरला होता. गाणारा पुरुष होता, बहुधा स्कॉट स्वतःच.

‘कापाकापी नाही.’ हे निम्मं कबूल. मेण कापून जोडता येत नसे, चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. पण टेप येताच कात्री निघाली. अमेरिकेचा लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बी याने १९४७पासून आपला रेडिओ कार्यक्रम आधी टेपवर घेऊन प्रसारित करायला सुरुवात केली. त्या टेपा सांभाळणाऱ्या जॅक मलिनने पुढे सांगितलेली हकिकत अशी की, एका विनोदवीराचे चावट किस्से प्रसारणायोग्य नव्हते म्हणून कापले, पण त्यांना पडलेला हशा जपून ठेवला आणि नंतर एका मिळमिळीत कार्यक्रमात चिकटवला. शास्त्रीय संगीत तरी सोवळं असेल? १९५२मध्ये लंडनला वाग्नरच्या ऑपेराचं मुद्रण झालं. नायिका कर्स्टेन फ्लॅगस्टाड, वय छप्पन्न-सत्तावन्न. तिचे सगळ्यांत वरचे दोन-चार स्वर गायले एलिझाबेथ श्वार्झकोफ या दुसऱ्याच गायिकेने. ऑटोट्यून बाजारात यायला अजून पंचेचाळीस वर्षं होती! आणि ते मुद्रण भिकार आहे असंही नाही, मी ते आवडीने ऐकतो.

‘गळ्याची गरज संपली’ ही ओरडही शिळीच. मायक्रोफोनच्या आधी गायक म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणारा. मायक्रोफोन आला आणि कानाशी कुजबुजल्यासारखं गाणारेही हजारोंच्या मनात शिरले. क्रॉस्बी त्यातलाच. १९३२मध्ये बोस्टनच्या कार्डिनलने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बड्या धर्मगुरूने, या गुळगुळीत गाण्याला जाहीरपणे झोडपलं. आज त्याच क्रॉस्बीच्या तबकड्या ‘खरं गाणं’ म्हणून मला पाठवल्या जातात.

राहिलं ‘गेले ते दिवस’. त्या दिवसांत काय चाललं होतं? १९०६मध्ये, भोंग्याच्या ऐन भरात, अमेरिकेचा नामवंत बँडमास्तर जॉन फिलिप सूझाने एक जळजळीत लेख लिहिला. घरात यंत्र गाऊ लागलं की पोरं वाद्य शिकणार नाहीत, आईसुद्धा बाळाला यंत्राकडून झोपवील, गाण्यातला आत्मा जाईल, अशी भीती त्याने घातली. त्याच्या बँडच्या तबकड्या तेव्हा जोरात खपत होत्या. मुद्रणाच्या दिवशी भोंग्यापुढे बँडचं संचालन करायचं काम मात्र तो बहुधा दुसऱ्या कोणावर तरी सोपवी.