बर्लिनला जाल तर खाली बघून चाला

पहिल्याच संध्याकाळी, शार्लोटेनबुर्ग भागात आठवड्यासाठी घेतलेल्या घराच्या दारातच, मैत्रिणीचा पाय फुटपाथवरच्या एका पितळी चौकोनावर पडला. जेमतेम दहा सेंटिमीटरचा चौकोन, तळहातात मावेल एवढा. तिनं खाली बघितलं, वाचलं, आणि पुस्तकाला पाय लागल्यावर आपण करतो तसं वाकून बोटं त्याला टेकवली, कपाळाला लावली. मग मला म्हणाली, "अगं, इथे एक बाई राहायची."

चौकोनावर खरंच तेवढंच होतं. 'इथे राहत होती', खाली नाव, जन्मसाल, कोणत्या तारखेला पकडून नेलं ते, आणि शेवटी : आउश्वित्झमध्ये हत्या. एक अख्खं आयुष्य पाच-सहा ओळींत. अक्षरं छापलेली नाहीत, एकेक ठोकून काढलेली आहेत. बोट फिरवलं की खोलगट लागतात.

दिवाळी आटोपून आम्ही दोघी निघालो होतो. डब्यात उरलेल्या चकल्या, चिवडा. ती पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात तरुणपणी जर्मन शिकलेली, मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला. ती वाचणार, मी संदर्भ लावणार, अशी आमची वाटणी. दहा वर्षांपूर्वी ती एका टूरबरोबर बर्लिनला येऊन गेली होती. ब्रान्डेनबुर्ग गेटपाशी बस थांबली, फोटो झाले, जेवण झालं, बस प्रागच्या रस्त्याला लागली. "मी बर्लिन बघितलंय" असं ती इतकी वर्षं सांगत होती, आणि या खेपेला तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून ते वाक्य मागे घेतलं. मला मनापासून वाटतं की या शहराला अर्धा दिवस देणं हा त्या शहरावरही अन्याय आहे आणि आपल्यावरही. बारा दिवसांत सात देश करून आलेल्या किती जणांना मी विचारलंय, बर्लिनमध्ये काय पाहिलंत? उत्तर एकच येतं : भिंत.

तर दारातल्या त्या पितळी दगडांविषयी. गुंटर डेमनिग या कलावंतानं १९९२मध्ये हे काम सुरू केलं. जर्मनमध्ये त्यांना 'श्टोल्परश्टाईन' म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. नाझींनी ज्यांना मारलं किंवा देशोधडीला लावलं, त्या माणसाच्या स्वतःच्या मर्जीच्या शेवटच्या घरासमोर हा दगड बसवायचा. बर्लिनमध्ये पहिले दगड १९९६मध्ये क्रॉइत्सबेर्गच्या ओरानियन रस्त्यावर बसले, तेही परवानगी न घेता. सरकारची मान्यता पुढे काही वर्षांनी आली. आज युरोपभर असे लाखाच्या वर दगड आहेत, एकट्या बर्लिनमध्ये दहा हजारांहून जास्त. आणि ते सरकार बसवत नाही. नातेवाईक, शेजारी, शाळेतली मुलं कागदपत्रं धुंडाळतात, पैसे गोळा करतात, मग दगड बसतो.

त्या रात्री चहा घेताना आमचं भांडण झालं. ती म्हणाली, नाव पायदळी येता कामा नये. लावायचं तर भिंतीवर लावा, डोळ्यांच्या उंचीवर, फुलं वाहता येतील असं. आयुष्यात त्यांना तुडवलं आणि आता पुन्हा बूट? तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. म्युनिक शहरात सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू देत नाहीत, ते याच कारणासाठी, आणि विरोध करणाऱ्यांत तिथल्या ज्यू समाजाच्या ज्येष्ठ नेत्या आहेत. मी माझं म्हणणं सोडलं नाही. भिंतीवरच्या फलकाखालून आपण रोज जातो आणि एकदाही मान वर करत नाही. पायाखालचं वाचायचं तर वाकावं लागतं. "तू वाकलीसच ना," मी म्हटलं. ती गप्प बसली, पण पटलं नव्हतं. तिची गप्प बसण्याची पद्धत मला चाळीस वर्षं ठाऊक आहे.

बर्नाउअर रस्त्यावर भिंत पाहिली. फोटोसाठी लोक जातात ती रंगीत चित्रांची भिंत वेगळी. इथे इमारती पूर्वेत होत्या आणि त्यांच्या दारापुढचा फुटपाथ पश्चिमेत. १३ ऑगस्ट १९६१ला सीमा बंद झाली, तेव्हा लोकांनी स्वतःच्याच घराच्या खिडकीतून दुसऱ्या देशात उड्या मारल्या. काही वाचले, काही नाही. मग खिडक्या विटांनी बुजवल्या, पुढे घरंच पाडली. मधल्या मोकळ्या पट्ट्यात एक चर्च अडकलं होतं, ते १९८५मध्ये सुरुंग लावून उडवलं. भिंत पडायला पाच वर्षंसुद्धा उरली नव्हती. आज त्या जागी मातीचं छोटं प्रार्थनाघर आहे. माती कुटून उभारलेल्या भिंती, आणि त्या मातीत जुन्या चर्चचे तुकडे मिसळलेले. जवळ जाऊन बघितलं तर विटेचा लाल चुरा, फरशीची कपची दिसते. बाहेर, जिथे पूर्वी पहारा असायचा, तिथे राय नावाचं धान्य पेरतात. आम्ही गेलो तेव्हा वीतभर हिरवं उगवलं होतं. मैत्रीण शेतकऱ्याच्या घरातली. ती बराच वेळ कुंपणापाशी उभी राहून त्या पिकाकडेच बघत होती.

होलोकॉस्ट स्मारकाचे २,७११ काँक्रीटचे ठोकळे पाहिले. लोक त्यांवर चढून फोटो काढतात, त्याबद्दल इथे लिहिलं तर पोस्ट तिथेच संपेल.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. बेबेलप्लात्स चौकात जमिनीत एक काच बसवलेली आहे. खाली पांढरी खोली, चारी बाजूंना पांढरे रिकामे कप्पे, वीसेक हजार पुस्तकं मावतील एवढे. १० मे १९३३च्या रात्री याच चौकात पुस्तकं जाळली, आणि जाळायला पुढे होते विद्यार्थी. समोरच्याच विद्यापीठाचे. त्या विद्यापीठात आपली इरावती कर्वे डॉक्टरेट करून, जेमतेम तीन वर्षांपूर्वी, १९३०मध्ये पुण्याला परतली होती. काचेवर वाकलेली असताना हे मनात आलं आणि हात गार पडले. ('इरावतीबाई' म्हणायला हवं, पण त्या वेळी ती विशी-पंचविशीतली मुलगी होती, आणि मला ती तशीच दिसत होती.)

दुसऱ्या दिवशी आम्ही यू-३ ही मेट्रो पकडून डाहलेमला गेलो. झाडांचा, शांत, बंगल्यांचा भाग. ईन रस्ता, क्रमांक २२. १९२७मध्ये इथे मानववंशशास्त्र आणि वंशसुधारणेची संस्था उघडली, प्रमुख ऑयगन फिशर. गोरा माणूस श्रेष्ठ, आणि ते त्याच्या कवटीच्या ठेवणीतून सिद्ध होतं, या विचाराचे गृहस्थ. इरावती त्यांची विद्यार्थिनी. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा अभ्यास तिच्याकडे आला. युरोपीय माणसांच्या कवट्या, पूर्व आफ्रिकेतल्या माणसांच्या कवट्या, मोजमापं, तक्ते. आणि तिनं जे दिसलं ते लिहिलं : हा फरक वंशावर अवलंबून नाही. परदेशातली मुलगी, वसाहतीतून आलेली, समोर तिची पदवी ज्याच्या हातात तो माणूस. तरी लिहिलं. 'युगान्त' आपण सगळ्यांनी वाचलंय, त्यातला निर्भयपणा वाखाणतो. तो निर्भयपणा आधी या इमारतीत कसाला लागला होता, हे मात्र आपल्या किती लोकांना माहीत आहे? मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, मी वर्गात हे एकदाही सांगितलं नाही. याची मला खंत आहे.

फिशर १९३३मध्ये त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. संस्थेनं पुढे काय केलं ते दाराजवळच्या फलकावर लिहिलंय. मैत्रिणीनं मोठ्यानं वाचलं, थांबत थांबत. नाझींच्या वंशधोरणाला इथल्या शास्त्रज्ञांनी आधार पुरवला. आउश्वित्झच्या छळछावणीतल्या मेंगेले या डॉक्टरशी इथून संबंध होते. तिथे मारलेल्या माणसांचे अवयव अभ्यासाला इथे येत. हा फलक १९८८चा आहे. म्हणजे युद्ध संपून ४३ वर्षांनी. जर्मन लोकांनी सगळं लगेच कबूल केलं असं आपल्याकडे कौतुकानं बोललं जातं, ते बरोबर नाही. २०१४मध्ये याच परिसरात बांधकाम करताना माणसांची हाडं सापडली. पहिल्यांदा सापडलेल्या हाडांचं पुरेसा तपास न करताच दहन झालं. त्यावर गदारोळ झाला, मग रीतसर उत्खनन झालं आणि सुमारे सोळा हजार तुकडे निघाले. काही वसाहतींच्या काळातल्या गुन्ह्यांमधले, काही नाझी काळातले असावेत; कोणाचं काय हे आता वेगळं करता येत नाही. मार्च २०२३मध्ये डाहलेमच्या स्मशानभूमीत ती सगळी हाडं एकत्र पुरली. गोऱ्यांची, काळ्यांची, ज्यूंची, अशी आणखी एकदा वर्गवारी करायची नाही, असं ठरवून. माझ्या मते त्या संस्थेला याहून चोख उत्तर नाही.

या शहरात जे चांगलं झालं ते कोणीतरी हटून बसलं म्हणून झालं. परवानगी नसताना दगड बसवणारे, दहन झालं तर जाब विचारणारे. सरकार मागून आलं. बर्लिनचं कौतुक करायचं तर मी त्या हटून बसणाऱ्या माणसांचं करीन.

ग्रूनेवाल्ड स्टेशन आमच्या घरापासून एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, दोन स्टेशनं. फलाट क्रमांक १७. इथून ज्यूंना गाड्यांमध्ये भरून पाठवत. फलाटाच्या कडेनं १८६ लोखंडी पट्ट्या, प्रत्येक गाडीची एक. तारीख, माणसांची संख्या, कुठून कुठे. पहिली १८ ऑक्टोबर १९४१. आम्ही शेवटपर्यंत चालत गेलो. शेवटची पट्टी २७ मार्च १९४५ची : अठरा माणसं, थेरेसिएनश्टाटची छावणी. रशियन फौजा तोवर ओडर नदीवर, बर्लिनपासून साधारण ७० किलोमीटरवर येऊन ठेपल्या होत्या. हिटलरचं राज्य पुरे दीड महिनाही टिकणार नव्हतं. तरी कोणीतरी बसून अठरा नावांची यादी केली, डबा मिळवला, शिक्का मारला. रुळांमध्ये आता झाडं उगवली आहेत. ती मुद्दाम तशीच ठेवलीत, या रुळांवरून पुन्हा गाडी जाऊ नये म्हणून. आम्ही दोघी तिथे एक शब्द बोललो नाही. जुन्या मैत्रिणीबरोबर प्रवास करावा तो अशा वेळेसाठी, काही बोलावं लागत नाही.

शेवटचा दिवस ९ नोव्हेंबर. भिंत उघडली ती १९८९ची रात्र हीच, आणि १९३८मध्ये ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली-जाळली ती रात्रही हीच. साडेचारलाच अंधारलं होतं. परत येत होतो तर आमच्या दाराशी एक गृहस्थ गुडघ्यांवर बसलेले, शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. हातात जुना दात घासायचा ब्रश, फडकं, ट्यूबमधलं पॉलिश. ते दगड घासत होते. मैत्रिणीनं विचारलं, तुमच्या नात्यातल्या का? नाही म्हणाले, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. कदाचित त्या बाईंच्याच घरात. मुलगी अक्षरांच्या खाचांतून ब्रश फिरवत होती, ओठ दातांखाली धरून, आपल्याकडे पोरी रांगोळीची रेघ ओढताना धरतात तसा. मग त्यांनी पांढरं गुलाब ठेवलं आणि काचेच्या वाटीत मेणबत्ती लावली. रस्त्याभर बघितलं तर ठिकठिकाणी जमिनीवर दिवे. त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली होती.

मैत्रिणीनं फडकं मागून घेतलं आणि खाली बसली. पुढच्या दारात आणखी दोन दगड होते, काळवंडलेले, त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं. तिनं ते दोन्ही लख्ख केले. साडेसहाची वेळ, थंडी मरणाची, तिचे गुडघे गेली तीन वर्षं दुखतात, मी दिवा धरून उभी.

नावं पायदळी नकोत, हे तिचं मत अजून तेच आहे. परवाच फोनवर पुन्हा म्हणाली. पण या नोव्हेंबरला आम्ही परत जातोय आणि तिच्या यादीत पितांबरीची दोन पाकिटं आहेत. त्यांच्या ट्यूबनं खाचांतलं काळं नीट निघत नाही म्हणते.