‘केस टाकून बाईच्या हाती काय लागतं?’ – फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. वर हात जोडलेलं चित्र, खाली ‘भगिनींनो, रागाच्या भरात केस टाकू नका’ असा मथळा आणि मग सहा-सात ओळी. केस टाकली की संसार संपला. घर सासूच्या नावावर असेल तर एक वीटही मिळत नाही. वकील लाखात घेतो. पुरावा नसेल तर केस बाद. वर्षानुवर्षं नुसत्या तारखा. आणि तशाही बहुतेक केसेस खोट्या निघतात, त्यामुळे कोर्ट बायकांवर विश्वास ठेवत नाही. शेवटी बाई एकटीच पडते. आणि समारोप अर्थातच, ‘समजुतीने घ्या.’

पाठवणाऱ्या पाचांपैकी चौघी बायकाच होत्या. त्यांचा हेतू वाईट नाही. मी वकील नाही, मार खाल्लेल्या बायकांसोबत तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसते, एवढंच. पण त्यामुळे या मेसेजमधलं किती खरं आहे तेही ठाऊक आहे, आणि जे खरं आहे ते मी नाकारणार नाही.

‘केस टाकली की संसार संपला’

ही ओळ लिहिणाऱ्याने तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या आहेत. घटस्फोटाचा दावा वेगळा. नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेची फौजदारी केस, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, ती वेगळी. आणि आमच्याकडे जिला सगळे ‘डीव्ही’ म्हणतात ती तिसरीच: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे.

डीव्हीचा अर्ज कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे होतो. त्यात मागायचं काय? मारू नका, घरातून काढू नका, खर्चाला द्या, मूल हिसकावू नका. घटस्फोट मागायची गरजच नाही. ‘मला फारकत नको, फक्त मार थांबवा’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही, आणि नेमक्या त्याच बाईसाठी हा कायदा केलेला आहे. अर्ज केला म्हणून नवऱ्याला अटकही होत नाही. अटकेचा प्रश्न येतो तो संरक्षणाचा आदेश मोडल्यावर. तेव्हा मात्र एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘घर सासूच्या नावावर, मग हक्क कसला?’

हे एकेकाळी बऱ्यापैकी खरं होतं. २००६ साली बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क नाकारला आणि पुढची चौदा वर्षं तो निकाल सासरचे वकील ढालीसारखा पुढे करत राहिले. १५ ऑक्टोबर २०२० ला सतीशचंद्र आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. बाई लग्नाच्या नात्याने जिथे नांदली ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ‘सामायिक घर’ ठरू शकतं. मेसेज लिहिणाऱ्याचं घड्याळ २०२० च्या आधीच बंद पडलेलं दिसतंय.

हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. सासू-सासरे खरोखर थकलेले असतील तर कोर्ट तोल सांभाळतं, कधी त्याच घराऐवजी भाड्याच्या दुसऱ्या जागेची सोय करायला सांगतं. पण ‘वीटही मिळत नाही’ ही थाप आहे. आणि माहेरी निघून आलात म्हणून हक्क बुडत नाही. अर्ज तुम्ही सध्या राहता तिथल्या कोर्टात करता येतो.

‘वकील लाखात घेतो’

घेतो कोणी कोणी. पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरदार बाईलाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीची खोली असते, १५१०० वर फोनही करता येतो. महाराष्ट्रात पोटगी, हिंसाचार, घटस्फोट अशा दाव्यांत बायकांना कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ पासून. मिळालेला वकील तारखांना येतच नाही, अशी तक्रार मीही केलेली आहे. तेव्हा वकील बदलून मागण्याचा अर्ज द्यायचा. द्यायला लाजू नये.

‘पुरावा नसेल तर केस बाद’

खरी भीती इथे आहे. बंद दाराआड झालेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा?

एका बाईची गोष्ट सांगते. नाव-गाव महत्त्वाचं नाही. पहिल्या भेटीत ती म्हणाली, ‘माझ्याकडे काही नाही.’ दुसऱ्या भेटीत तिने कॅरीबॅगमधून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळी केलेलं. ते दुधाच्या हिशेबासाठी आणलं होतं. प्रत्येक चौकोनात एक, दीड, एक असे लिटर. पण मधेमधे काही चौकोनांत दुधाच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक फुली होती. ‘ज्या दिवशी हात उचलला त्या दिवशीची.’ सात महिन्यांत तेवीस फुल्या. नवऱ्याला त्या कधी दिसल्याच नाहीत, कारण दुधाचा हिशेब तो बघत नसे.

एकट्या कॅलेंडरने केस जिंकता येत नाही. पण त्यातल्या तीन फुल्या तीन कागदांशी जुळल्या: एक सरकारी दवाखान्याचा केसपेपर, एक पोलिसांनी लिहून घेतलेली एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), एक तिने बहिणीला रात्री पावणेबाराला पाठवलेला मेसेज. उलटतपासणीत विरुद्ध बाजूचे वकील ‘तारीख सांगा, वेळ सांगा’ करत होते तेव्हा ती अडखळली नाही. पुरावा बहुतेकदा असाच असतो, तुकड्यातुकड्यांचा. मोठा एकच कागद शोधत बसलं की हाताशी असलेले पाच लहान कागद दिसत नाहीत.

शिवाय डीव्हीचं कामकाज मूळ दिवाणी वळणाचं आहे. तिथे ‘संशयापलीकडे’ सिद्ध करायचं नसतं, कोणाची बाजू जास्त संभवनीय ते पाहतात. अंतरिम आदेशासाठी तर तिचं प्रतिज्ञापत्र पाहूनही, विरुद्ध बाजू हजर नसताना, एकतर्फी आदेश देता येतो. याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी जो कौटुंबिक घटना अहवाल भरतात, ज्याला कोर्टात डीआयआर म्हणतात, तो असला तर बळ येतं. नसला म्हणून अर्ज अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केलंय. एनसीवर बोळवण झाली म्हणून रडत येणाऱ्या बायकांना मी सांगते, ती प्रत फेकू नका. पोलिसांनी गुन्हा छोटा मानला तरी त्यावर तारीख आहे, शिक्का आहे.

एक चूक मात्र बायका स्वतः करतात आणि ती फार महागात पडते. डॉक्टर विचारतात, ‘कसं लागलं?’ नवरा शेजारीच उभा. बाई म्हणते, ‘मोरीत घसरले.’ डॉक्टर तेच लिहितात, आणि दोन वर्षांनी तेच वाक्य तिच्यासमोर ठेवलं जातं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मार सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं त्यामागे हेच शहाणपण होतं: पोलिसांच्या आधी जखम नर्सला दिसते. तेव्हा दवाखान्यात नवऱ्याला बाहेर थांबवायला सांगा आणि खरं बोला.

‘वर्षानुवर्षं नुसत्या तारखा’

इथे मी मेसेजशी भांडणार नाही. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न. साठ दिवसांत निकाल लागलेली एकही केस मी पाहिलेली नाही. नोटीस बजावून होत नाही, ‘घर बंद’ असा शेरा मारून परत येते. मग समोरचा वकील ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, दाखल करायला मुदत मागतो, मग पुन्हा मागतो. मॅजिस्ट्रेटच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, चोऱ्यामाऱ्यांपासून चेक बाऊन्सपर्यंत सगळं असतं. रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एक ओळ पडते आणि बाई परतीची एसटी धरते. दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

पण यातून ‘म्हणून केस टाकूच नका’ हा निष्कर्ष निघतो का? उलटा निघतो. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आता हिशेब मांडा. समजा महिना ६,००० ठरले आणि आदेशाला अठरा महिने लागले, तर थकबाकी होते १ लाख ८ हजार. आणि अर्जाआधी ‘अजून एकदा समजूत घालू’ म्हणत घालवलेले अठरा महिने? त्यांचं शून्य. दिरंगाईचा तोटा अर्ज उशिरा करणारीलाच जास्त होतो, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. ‘साहेब, मी बेकार आहे’ म्हणून मोटारसायकलवरून तारखेला येणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. नवरा पगारदार असेल तर मालकाने पगारातून कापून थेट द्यावं, असा आदेशही मागता येतो. वकील घाईत हे लिहायचं विसरतात. त्यांना आठवण करून द्या.

‘बहुतेक केसेस खोट्या’

निर्दोष सुटणं आणि केस खोटी असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ४९८-अ हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही. मग प्रत्यक्षात मिटतं तेव्हा काय होतं? ज्यांना परवडतं ते उच्च न्यायालयातून गुन्हा रद्द करून घेतात. बाकीच्यांत पोटगीची रक्कम ठरते आणि बाई साक्षीच्या पिंजऱ्यात ‘मला आठवत नाही’ म्हणते. आरोपी सुटतो, आकडा वाढतो, आणि तोच आकडा पुढच्या बाईच्या तोंडावर मारला जातो.

खोट्या केसेस नसतातच, असं मी म्हणत नाही. लांबच्या नणंदेपासून चुलत दिरापर्यंत सगळ्यांची नावं घालायची सवय वाईटच आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत लिहिलं. अशाने मारणाऱ्याविरुद्धची खरी तक्रारही पातळ होते. पण दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) ठेवा. मार किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाची मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी मदत तर सोडाच, कुणाला सांगितलंही नव्हतं. आता सांगा, हा देश केस टाकायला टपलेल्या बायकांचा आहे का?

‘शेवटी बाई एकटीच पडते’

मेसेजमधली सगळ्यात खरी ओळ ही. कायद्याच्या पुस्तकात हक्क सगळे आहेत, पण कोर्टाच्या व्हरांड्यात तीन तास बसलेल्या बाईला ते दिसत नाहीत. तिला समोर सासरची सात माणसं दिसतात. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आयुक्तालयातच बायकांसाठी विशेष कक्ष उघडला, समाजसेविकेला पोलिसांच्या शेजारी टेबल दिलं, ते या एकटेपणावरच होतं.

सोबतीचं काम फार ग्लॅमरस नाही. पुकारा होईल तेव्हा ती पाणी प्यायला गेलेली नसावी, हे बघायचं. वकील पुढची तारीख इंग्रजीत पुटपुटतात ती कागदावर मराठीत लिहून घ्यायची. आदेश झाला की त्याची प्रत फुकट मिळते हे क्लार्कला न भांडता सांगायचं आणि तीच प्रत त्याच दिवशी पोलीस ठाण्यात पोचवून पोच घ्यायची. सासऱ्यांनी ‘सूनबाई, जरा बाजूला ये, बोलू’ म्हटलं तर बाजूला न जाता तिथेच बाकावर बसून राहायचं. ती जायचं म्हणाली, तर आपणही उठायचं.

परवा पाचवा मेसेज आला तेव्हा मी असल्याच एका बाकावर होते. शेजारची म्हणाली, ‘ताई, मलाही आलाय हा.’ आणि फोन बंद करून तिने बोर्डावर आपला नंबर पुन्हा एकदा बघितला. सत्तावीस. चालू होता अकरावा.