पणजीचा पुतळा पाहुण्यांना असा दाखवावा

पणजीत पाहुणे आले की त्यांना आधी जुन्या सचिवालयापाशी न्यावे. शेजारीच आबे फारियाचा तो काळा पुतळा आहे. झगा घातलेला पाद्री, पुढे झेपावलेले हात आणि त्याच्यासमोर मागे कलंडत चाललेली बाई. एवढे दाखवून आपण गप्प बसावे. अर्थ पाहुणे सांगतात.

चौथऱ्यावरची अक्षरे वाचू नयेत. उन्हाने डोळे दुखतात.

गाइडवर पूर्ण विश्वास ठेवावा. गेल्या रविवारी एक जण चाळीस माणसांना सांगत होता, ‘ये बाबा काला जादू करता था.’ चाळीसही माना हलल्या. आमचे जावईबापू त्याच्याही पुढचे. ‘काका, गोव्यात बायकोला मारणाऱ्याचाही पुतळा उभारतात?’ असे विचारून त्यांनी पुतळ्याखाली आपल्याच बायकोच्या गळ्याला हात लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. ‘डोळे वटारलेले आले पाहिजेत हं.’ चार फोटो काढले मी. पाहुण्यांचा मान राखावा.

दोना पावलाच्या जोडपुतळ्याबद्दल तर विचारूच नये. यर्सा फॉन लाइस्टनरबाईंनी तिथे 1969 साली भारतमाता आणि तरुण भारत घडवला, एकाचे तोंड पूर्वेला, दुसऱ्याचे पश्चिमेला. आपण मात्र ‘कड्यावरून उडी मारलेले प्रेमिक’ म्हणावे आणि भेळ खावी.

पाद्रीबुवांचे नाव विचारलेच, तर ‘कोणीतरी पोर्तुगीज’ म्हणून टाकावे. आबे फारिया 1756 साली कांदोळीत जन्मला, हे कशाला सांगा? लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना त्याची जीभ अडकली, तेव्हा बाप कोकणीत कुजबुजला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ ही गोष्ट आमच्याकडे पोरेसोरे सांगतात, तीही कशाला? पुढे हाच माणूस पॅरिसला गेला. तिथल्या शहाण्यांना वाटत होते की अंगातून कसलेसे चुंबकी द्रव्य वाहते आणि त्याने माणूस संमोहनाच्या झोपेत जातो. ह्याने सांगितले, द्रव्य नाही आणि जादू तर मुळीच नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्या मनातून, सूचना त्याला पटली म्हणून. आणि ज्याने जादू नाही म्हणून सांगितले, त्याच्याच पायाशी उभे राहून तुम्ही काळी जादू ऐकता! बरोबर आहे म्हणा. गाइडने ‘झोपा’ म्हटले की चाळीस माणसे उभ्याउभ्या झोपतात. फारियाचे म्हणणे अजून रोज सिद्ध होते आहे, तेही फुकट.

रामचंद्र पांडुरंग कामतांनी हा पुतळा 1945 साली घडवला. तेव्हा इथे राज्य पोर्तुगिजांचे, आणि राजधानीत मांडवीकाठी उभा राहिला कांदोळीचा माणूस. तिकडे आझाद मैदानातला अल्बुकेर्क होता, गोवा जिंकायला आलेला पोर्तुगीज. मुक्तीनंतर त्याची रवानगी जुन्या गोव्याच्या संग्रहालयात झाली. ह्याला कोणी हात लावला नाही. का लावला नाही, हे तुम्हाला नाही, निदान आम्हाला तरी कळायला हवे. लहानपणी मीही त्याला भूतच समजत होतो. मोठे होईपर्यंत घरात कोणी सांगितले नाही, मी विचारले नाही. लाज माझीही आहेच.

पण तुम्ही, जावईबापू, शिकलेले आहात ना? तो गळा दाबत नाहीये हो, संमोहन करतोय! मान वर करून बघा एकदा. त्याचे हात तिला लागलेलेसुद्धा नाहीत. बघायला दोन क्षण पुरतात, तुम्ही अर्धा तास केस सारखे करत होता.

‘काका, फोटो पाठवा’ असे तीन निरोप आले आहेत. मी पाठवणार नाही.